मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तरी चार वर्षांनी पुन्हा अंधुक का दिसतं?

माजिवडा (ठाणे) : शहापूर, भिवंडीकडच्या गावांतून डोळे दाखवायला ठाण्यात येणारे अनेक जण नाशिक महामार्गावरच्या माजिवडा नाक्याला उतरतात. सोबत मुलगा किंवा सून. म्हणजे दोघांचा रोज बुडतो. त्यामुळे ऑपरेशननंतर पुन्हा धूसर दिसू लागलं की घरात एकच वाक्य निघतं, ‘मोतीबिंदू परत आला, आता वयच झालं.’ आणि म्हातारं माणूस ओट्यावर बसून राहतं.

मुळात मोतीबिंदू परत येत नाही. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंगच काढून टाकलेलं असतं. त्या जागी बसवलेली लेन्स सहसा आयुष्यभर टिकते. स्वीडनमधल्या उमेओ इथे 1997-98 साली ऑपरेशन झालेल्या रुग्णांना 20 वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा हयात असलेल्या बहुतेकांची नजर चांगली टिकून होती.

मग अंधुक कशानं? लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिचा मागचा पडदा काही जणांत महिन्यांनी किंवा वर्षांनी जाड होतो. गाडीची काच बाहेरून पुसली, पण आतून वाफ धरली, तसंच हे. यावर याग लेझरने पडद्याला बारीक खिडकी पाडतात. काही मिनिटांचं काम, चिरा नाही, टाका नाही, बहुतेक जण त्याच दिवशी घरी. हे माहीत नसल्यानं बरा होणारा डोळा तसाच राहतो, हे जास्त वाईट.

मात्र प्रत्येक अंधुकपणा पडद्याचा नसतो. साखरेचा आजार असेल तर डोळ्याचा मागचा पडदा खराब होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. दोन्हींत गावात त्रास कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ऑपरेशननंतर काही दिवसांतच डोळा लाल झाला, दुखू लागला, नजर घटली तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मेडिकलमधून थेंब आणून वाट बघायची नाही.

राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, राज्यात 2017 मध्ये मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्र मोहीमही निघाली. शिबिरांच्या बातमीत आकडा येतो तो झालेल्या ऑपरेशनचा. तीन-चार वर्षांनी त्यातल्या किती जणांना नीट दिसतं, हे शिबिर भरवणाऱ्यांना कुणी विचारत नाही. गावात पुन्हा शिबिर आलं तर जुन्या ऑपरेशनवाल्यांचीही तपासणी करून घ्या, असा आग्रह ग्रामपंचायतीला धरता येतो. लेन्सच्या नंबरचं कार्ड मिळालं असेल तर ते आधार कार्डासोबत जपून ठेवावं. पुढच्या डॉक्टरला तेच आधी लागतं.