वापरणारा सायटेशन देत नाही

संशोधक किती मोठा, हे विचारलं की हल्ली लोक त्याचं गूगल स्कॉलरचं पान उघडून दाखवतात. सायटेशन इतके, एच-इंडेक्स इतका, विषय संपला. एच-इंडेक्स ४० म्हणजे निदान ४० पेपर असे, की प्रत्येकाचा हवाला निदान ४० वेळा दिला गेलाय. मी सॉफ्टवेअरवाला, आकड्यांवरच माझं पोट आहे. तरी सांगतो, या एका आकड्यावर माणूस तोलणं बंद करा.

टोरांटोच्या सिककिड्स हॉस्पिटलमधले लहान मुलांचे न्यूरोसर्जन डॉ. अभय कुलकर्णी यांचंच उदाहरण घ्या. आडनाव वाचून लगेच ‘आपला माणूस’ असा फॉरवर्ड करू नका, आधी काम बघा. २००९ साली ‘जामा’त त्यांचा आणि सहकाऱ्यांचा एक पेपर आला. तीन नामांकित वैद्यकीय नियतकालिकांतल्या ३२८ लेखांचे सायटेशन त्यांनी तीन ठिकाणी मोजले. वेब ऑफ सायन्सने ६८,०८८ दाखवले, स्कोपसने ८२,०७६, गूगल स्कॉलरने ८३,५३८. लेख तेच, फरक पंधरा हजारांवर. ऑफिसात तीन डॅशबोर्ड असे वेगवेगळे बोलले, तर त्यावर कुणाचं प्रमोशन ठरत नाही. आधी तिकीट पडतं.

आता त्यांचं मुख्य काम. मेंदूत पाणी साठून बाळाचं डोकं वाढत जातं, तो आजार हायड्रोसेफलस. नेहमीचा उपाय म्हणजे शंट, मेंदूतून पोटात सोडलेली नळी. ती तुंबली की पुन्हा ऑपरेशन, तेही घाईघाईत. दुसरा उपाय ईटीव्ही, म्हणजे दुर्बिणीने आतल्या आत पाण्याला नवी वाट करून देणं. पण ते कुठल्या मुलात टिकेल? २००९ मध्येच कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी गुणपद्धत दिली. प्रश्न तीनच: वय किती, आजाराचं कारण काय, आधी शंट होता का. तीन महिन्यांचं बाळ, संसर्गानंतर पाणी झालेलं, शंट नाही: १० + ० + १० = २०. पाच वर्षांचं मूल, पाण्याची वाट जन्मतः अरुंद, शंट नाही: ४० + ३० + १० = ८०. ही बेरीज म्हणजे ऑपरेशन सहा महिने टिकण्याची साधारण टक्केवारी. एसटीच्या कंडक्टरलाही जमेल असा हिशोब.

माझं गाव राहू, दौंड तालुका. चहूकडे ऊस आणि गुऱ्हाळं. ऊसतोडीला आलेल्या घरातल्या बाळाचा शंट तुंबला, तर उचल डोक्यावर, कामाचा खाडा, आणि हायवेला लागून ससून गाठायचं. तोवर टोळी दुसऱ्या फडात. अशा आईबापांना ही बेरीज समजावून सांगणारा सर्जन त्यावर पेपर लिहीत बसत नाही. गूगल स्कॉलरला ते बाळ कधीच दिसणार नाही. तुमच्या फोनमधली कितीतरी अ‍ॅप्स एसक्यूलाइटवर चालतात. तुम्ही कधी त्याचं नाव घेतलंत?

उलट, आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात फायनल इयरच्या प्रोजेक्टचा पेपर पैसे भरून छापून यायचा, वर गाईडचं नाव. वाचला कुणीच नाही, पण मोजला गेला.

मित्र म्हणतात, आकडा गेला की वशिला येईल. भीती खरी आहे. सायटेशनवरून इतर संशोधकांनी कशाचा आधार घेतला हे कळतं, तेवढ्यापुरतं ते जरूर बघा. पण पुढेही वाचा. २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये कुलकर्णी, बेंजामिन वॉर्फ आणि सहकाऱ्यांची युगांडातल्या १०० बाळांवरची चाचणी आली. संसर्गानंतर पाणी झालेली, सहा महिन्यांच्या आतली बाळं, म्हणजे वरच्या बेरजेत ज्यांच्या वाट्याला जेमतेम २० येतात तीच. एका गटाला शंट. दुसऱ्याला ईटीव्ही, आणि सोबत पाणी तयार करणारा भाग जाळणं. वर्षभराने दोन्ही गटांच्या बौद्धिक वाढीत ठळक फरक सापडला नाही. कुणीच जिंकलं नाही, तरी त्यांनी ते छापलं. जिथे नळी तुंबल्यावर हॉस्पिटल लांब पडतं, तिथल्या डॉक्टरला नेमकं हेच कळायला हवं होतं.

म्हणून निवड समितीने, पुरस्कार देणाऱ्यांनी आणि फॉरवर्ड करणाऱ्यांनीही आधी विचारावं: यांनी कुठला प्रश्न सोडवायला घेतला? त्यामुळे खाटेजवळचा कुठला निर्णय बदलला? जे जमलं नाही, तेही छापलं का? एच-इंडेक्स त्यानंतर बघा.