‘कॉन्स्टन्सी’ म्हणजे काय?

इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या एका मुलाने गेल्या रविवारी मिस्सेनंतर आम्हांस विचारले, “फादर, ‘कॉन्स्टन्सी’ म्हणजे काय?” आम्ही म्हणालो, “स्थैर्य.” त्यावर तो म्हणाला, “आमचे बाबा बांधाच्या तंट्यावरून काकांशी सहा वर्षे बोलत नाहीत. ती कॉन्स्टन्सीच ना?” आम्ही क्षणभर निरुत्तर झालो.

हा शब्द लॅटिनमधील ‘स्तारे’, म्हणजे उभे राहणे, या धातूपासून आला. आपला ‘स्था’ धातू त्याचाच आप्त. ‘स्थिर’ हा शब्द त्यातूनच झाला. इंग्रजीत तो मित्राच्या वा पतिपत्नींच्या निष्ठेविषयी योजतात. शास्त्रज्ञ न बदलणाऱ्या उष्णतामानाविषयीही योजतात. हट्टाला मात्र तेथे निराळा शब्द आहे.

दोहोंतील भेद संत मोनिकेने दाखविला. पुत्र ऑगस्टीन पाखंडी पंथास लागला, तेव्हा प्रथम तिने त्याला घरात व पंक्तीस घेण्याचे नाकारले. पुढे तिने तेच दार उघडले. प्रार्थना मात्र कधी सोडली नाही. समुद्र ओलांडून ती त्याच्यामागे इटलीस गेली. इ. स. ३८७ मध्ये मिलान येथे संत अँब्रोज यांनी ऑगस्टीनला स्नानसंस्कार दिला. त्याच वर्षी मोनिका निवर्तली. दार उघडल्याने तिचे स्थैर्य ढळले नाही.

हट्टी मनुष्य आपल्या शब्दाला धरून राहतो, स्थिर मनुष्य आपल्या माणसाला. वाचकहो, त्या मुलास आम्ही हेच सांगितले. आता त्याच्या वडिलांस सांगावयास जाणार आहोत. आणि एकदा जाऊन दार न उघडले, तर पुन्हा जाऊ.