एका डॉलरचा करार

टेनिसच्या चार प्रमुख स्पर्धांत आज स्त्री व पुरुष विजेत्यांस सारखेंच पारितोषिक मिळतें. आमच्या विद्यार्थिनींस हें स्वाभाविक वाटत असेल. परंतु तें आपोआप घडून आलेलें नाहीं. १९६८ सालीं विंबल्डन येथें प्रथमच धंदेवाईक खेळाडूंस प्रवेश मिळाला. त्या वर्षीं पुरुष विजेत्यास २,००० पौंड व स्त्री विजेतीस ७५० पौंड देण्यांत आले. १९७० सालीं लॉस एंजेलिसच्या स्पर्धेंत तर अंतर आणखी वाढलें: पुरुषास १२,५०० डॉलर, स्त्रीस १,५००! प्रेक्षक पुरुषांचाच खेळ पाहावयास येतात, असें याचें समर्थन करण्यांत येई.

तेव्हां 'वर्ल्ड टेनिस' मासिकाच्या चालक ग्लॅडिस हेल्डमन यांनीं टेक्ससमधील ह्यूस्टन शहरीं केवळ स्त्रियांची स्पर्धा भरविण्याचें ठरविलें. अमेरिकेच्या टेनिस संघानें भाग घेणारींस बंदीचा धाक घातला. तरीही २३ सप्टेंबर १९७० रोजीं नऊजणींनीं हेल्डमनबाईंशीं एकेका डॉलरचा करार केला. बिली जीन किंग, रोझी कसाल्स, नॅन्सी रिची, पीचेस बार्टकोविच, क्रिस्टी पिजन, व्हॅलेरी झिगनफस व हेल्डमनबाईंची कन्या ज्यूली या सात अमेरिकन. जूडी डाल्टन व केरी मेलव्हिल या दोघी ऑस्ट्रेलियन. सर्व पारितोषिकें मिळून ७,५०० डॉलर, म्हणजे लॉस एंजेलिसच्या एकट्या पुरुष विजेत्याच्या रकमेहूनही कमी. अंतिम सामन्यांत कसाल्स यांनीं डाल्टन यांस जिंकून १,६०० डॉलर मिळविले. या बंडांत पुढाकार घेणार्‍या किंगबाईंच्या बाळपणीं त्यांच्या मंडळीचे पाळक बॉब रिचर्ड्स हे होते. बांबूउडीचीं दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविणारा पाळक लाभणें हें भाग्य किती मंडळ्यांच्या वांट्यास येतें!

परंतु येथें आम्हांस थांबणें भाग आहे. या स्पर्धेचें नांव 'व्हर्जिनिया स्लिम्स' असें होतें, आणि तें एका सिगारेटचें नांव आहे. ही सिगारेट खास स्त्रियांकरितां काढलेली होती. धूम्रपानानें फुप्फुसांचा कर्करोग होतो, हें अमेरिकन सरकारच्या वैद्यकीय अधिकार्‍यांनीं १९६४ सालींच जाहीर केलें होतें. जानेवारी १९७१ पासून तेथें दूरचित्रवाणीवर सिगारेटच्या जाहिरातींस बंदी झाली, तेव्हां कंपनीस जाहिरातीचें दुसरें द्वार हवेंच होतें. निरोगी, चपळ तरुणींचा खेळ आणि त्यावर तंबाखूचें नांव! हा सौदा आम्हांस रुचत नाहीं. मधलीं कांहीं वर्षें वगळतां १९९४ पर्यंत तो चालू राहिला, हें तर मुळींच रुचत नाहीं.

तथापि त्या नऊजणींस दोष देण्यास आमची जीभ उचलत नाहीं. ज्या सभ्य संस्थांपाशीं मैदानें, निधि व प्रतिष्ठा होती, त्यांनीं कामाचा रास्त मोबदला नाकारला. त्यांनींच या मुलींना तंबाखूवाल्यांच्या दारीं धाडलें. सज्जनांनीं आपलें दार लावून घ्यावें आणि मग कोण कोणाच्या घरीं गेलें याची चर्चा करावी, हा प्रकार केवळ टेनिसांतच घडतो असें नाहीं.

१९७३ सालीं स्त्री-खेळाडूंचा स्वतंत्र संघ स्थापन झाला, व त्याच वर्षीं अमेरिकन खुल्या स्पर्धेनें समान पारितोषिक दिलें. विंबल्डननें मात्र २००७ साल उजाडूं दिलें! स्त्रिया तीन डावांचा सामना खेळतात, पुरुष पांच डावांचा, हा आक्षेप तोंवर घेण्यांत येत असे. द्राक्षमळ्यांतील मजुरांचा दाखला आमच्या वाचकांस येथें आठवेल. पण त्याचा आधार आम्ही घेत नाहीं, कारण तो कृपेविषयीं आहे आणि येथें प्रश्न हक्काचा आहे. त्याचें उत्तर साधें आहे: तिकीट काढणारा मनुष्य डाव मोजून पैसे देत नाहीं.

आमच्याकडील कित्येक शाळांत मुलांचा खेळ आटोपून अंधार पडूं लागला म्हणजे मुलींस मैदान मिळतें. पालकहो, वार्षिक सभेंत खेळाच्या खर्चाचा हिशेब वाचला जातो, तेव्हां त्यांत मुलींच्या नांवें किती रुपये पडले, एवढें अवश्य विचारावें.