भिंतीवरचे स्पीकर आणि कानाचा हिशेब

पूर्वी घरातल्या बैठकीच्या भिंतीवर देवांच्या तसबिरी आणि वाडवडिलांचे फोटो असत. हल्ली त्यांच्या शेजारी स्पीकर येऊन बसले आहेत. मोठा टीव्ही घेतला, की पाठोपाठ पाच स्पीकर आणि एक वूफर असा संच येतो. ‘थिएटरसारखा आवाज’ हवा, ही हौस गैर नाही. मात्र ‘शोले’ १९७५ साली सत्तर एमएमच्या पडद्यावर स्टिरिओफोनिक ध्वनीसह आला, तेव्हा तो आवाज शेकडो खुर्च्यांच्या सभागृहासाठी होता. आपली खोली दहा बाय बाराची. तेथे स्पीकर कोणत्या भिंतीवर, किती उंच आणि कोणाच्या डोक्याशी लावायचा, हा सजावटीइतकाच आरोग्याचाही प्रश्न आहे.

आपल्या आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म केसपेशी असतात. प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. दिवसाला आठ तास ८५ डेसिबल ही कानाच्या सोसण्याची सर्वसाधारण मर्यादा मानतात. आवाज दर ३ डेसिबलने वाढला, की ही मुदत निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोनच. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागला, तर आपण या मर्यादेच्या आसपास आहोत असे समजावे.

श्रीपूरसारख्या साखर कारखान्याच्या गावात या हिशेबाला वेगळे महत्त्व आहे. गाळपाच्या हंगामात मिलजवळ, टर्बाइनजवळ ड्यूटी करणारा माणूस दिवसाचा बराचसा हिशेब कारखान्यातच संपवून घरी येतो. यंत्राची घरघर आणि आवडीचे गाणे यांत कान फरक करीत नाही. दोन्हींची बेरीज एकाच खात्यात होते. अशा माणसाच्या कानाला घरी विश्रांती हवी, दुसरी पाळी नव्हे.

आता भिंतीकडे वळू. आपल्याकडे दिवाण बहुधा मागच्या भिंतीला टेकवलेला असतो, आणि मागचे स्पीकर नेमके त्याच भिंतीवर लागतात. म्हणजे दिवाणावर टेकून बसलेल्या आजोबांच्या कानापासून स्पीकर वीतभर अंतरावर! मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले, की आवाज ६ डेसिबलने वाढतो. खोलीत हा फरक काहीसा कमी पडतो, तरी कानाशी आलेल्या स्पीकरचा मारा चुकत नाही. समोर बसलेल्याला बेताचा वाटणारा आवाज त्यामुळे आजोबांना असह्य होतो.

म्हणून मागचे दोन स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसण्याच्या जागेच्या किंचित मागे लावावेत. बसल्यावर कान जेथे येतो, त्याच्या एक-दोन फूट वर ते असावेत. दिवाण भिंतीपासून जमेल तेवढा पुढे ओढावा. स्पीकर कोपऱ्यात कोंबला की खर्ज घुमतो, संवाद कळत नाहीत आणि मग आपण सगळाच आवाज वाढवतो. त्याऐवजी फक्त मधल्या स्पीकरचा आवाज वाढवावा, कारण संवाद मुख्यतः त्यातून येतात. जागा बरोबर साधली, तर कमी आवाजातही सगळे नीट ऐकू येते. माझ्या मते चांगल्या संचाची हीच खूण आहे.

पाळणा किंवा खाट असेल तेथे वर स्पीकर टांगू नये. मातीच्या भिंतीत गिट्टी धरत नाही, तेथे सरळ स्टँड वापरावा. स्विचबोर्डाच्या वरखाली वायर गेलेली असू शकते, म्हणून तेथे भोक पाडू नये. ड्रिल चालवण्यापूर्वी मेन स्विच बंद करून टेस्टरने खात्री करावी, आणि ड्रिलसाठी वीज दुसऱ्या घरातून घ्यावी.

राहता राहिला शेजारी. कॉलनीतल्या दोन घरांच्या मधली भिंत दोघांची असते. तिच्यावर स्पीकर लावू नये आणि वूफर तिला टेकवू नये, कारण खर्ज भिंतीतून सहज पार जातो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. खासगी संचाचा आवाज आपल्या हद्दीवर तिच्यापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वर जाता कामा नये. पण कायद्याची रात्र दहाला सुरू होते. रात्रपाळी करून आलेल्या कामगाराची रात्र मात्र सकाळी आठला सुरू होते. त्याची झोप मोडली तर तक्रार करायला तो उठेलच असे नाही. दुसऱ्या दिवशी अर्धवट झोपेत तो चालत्या यंत्राजवळ उभा राहील. हा धोका कोणत्याही डेसिबलच्या आकड्यात बसत नाही.

कानात शिट्टी वाजल्यासारखे होत असेल, किंवा चारचौघांत बोललेले नीट उमगत नसेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. आणि नवा संच लावण्यापूर्वी भिंतीपलीकडे जाऊन एवढेच विचारावे, ‘तुमची पाळी सध्या कोणती?’