गजकर्ण लपवू नका, ट्यूब उसनी घेऊ नका



पावसाळा लागला की आमच्या वस्त्यांत जांघेत, कमरेला गजकर्ण उठते. दिवसभर पायात गमबूट, अंगावर दमट कपडे आणि घरात सगळ्यांना मिळून एकच टॉवेल. हा कुणाचा शाप नाही, मागल्या जन्मीचे पापही नाही. ही बुरशी आहे. आपण कार्यकारणभाव सांगणाऱ्या तथागतांचे अनुयायी. तेव्हा कारण समजून घेऊ या.

लाजेपोटी आपण डॉक्टरकडे जात नाही, मेडिकलमधून ट्यूब आणतो. तीत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, पण बुरशी मरत नाही, उलट पसरते. कातडी पातळ होऊन कायमचे वळ पडतात. 2018 साली केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइडची मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली. तरीही चिठ्ठी न मागणारे दुकानदार भेटतातच.

आता तर टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधालाही अनेकदा दाद न देणारी बुरशी आपल्या देशात पसरली आहे. 2020 साली जपानी संशोधकांनी तिला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ असे नाव दिले.

म्हणून सरकारी वा महापालिकेच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाचा केसपेपर काढा. डाग गेला तरी डॉक्टर सांगतील तितके आठवडे औषध घ्या. घरात ज्याला खाज असेल त्यालाही सोबत न्या. टॉवेल वेगळे ठेवा, कपडे उन्हात वाळवा.

आपल्या मुली तर हे दुखणे आईलाही सांगत नाहीत. मायबहिणींनो, आज त्यांना जवळ घेऊन विचारा.