गोळी जड की हलकी?

लांब पल्ल्याच्या नेमबाजीचा विषय निघाला, की दोन पक्ष हटकून पडतात. एक म्हणतो, गोळी जितकी जड तितकी ती दूरवर सरळ जाते. दुसरा म्हणतो, गोळी हलकी असावी, म्हणजे वेग वाढतो. दोहोंत सत्याचा अंश आहे. परंतु राष्ट्रीय छात्रसेनेत प्रथमच रायफल हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याने यांपैकी एकाच्याही भरवशावर राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोळीचे वजन ग्रेन या मापात सांगतात. कंपनी सरकारच्या रुपयाचे, अर्थात् एका तोळ्याचे, वजन १८० ग्रेन होते. ज्या युद्धात १८५८ साली राणी लक्ष्मीबाईंनी याच ग्वाल्हेरीत देह ठेवला, त्या काळच्या एनफील्ड रायफलीची गोळी ५३० ग्रेनांची, म्हणजे जवळजवळ तीन तोळ्यांची होती. पुढे मार्टिनी-हेन्री रायफलीची गोळी ४८० ग्रेनांवर आली. त्यानंतरच्या .३०३ रायफलीची बोथट गोळी २१५ ग्रेनांची होती, आणि १९१० साली तिच्या जागी १७४ ग्रेनांची टोकदार गोळी आली. तिचा आरंभीचा वेग सेकंदास सुमारे २,०६० फुटांवरून २,४४० फुटांपर्यंत वाढला. हलक्या गोळीचे कैवारी या इतिहासाकडे बोट दाखवितात. परंतु या काळात नळीचा व्यास जवळजवळ निम्म्यावर आला, दारू बदलली आणि गोळीचा आकारही बदलला, हे ते विसरतात.

खरी तुलना एकाच व्यासाच्या दोन गोळ्यांची केली पाहिजे. तीत हलकी गोळी नळीतून अधिक वेगाने सुटते. जवळच्या पल्ल्यावर तिचा मार्ग अधिक सपाट असतो. परंतु वाऱ्याच्या विरोधाने तिचा वेग लवकर घटतो. जड, लांब व निमुळती गोळी सावकाश निघते, पण वेग जपून ठेवते. म्हणून हजार वारांवर आडवा वारा तिला तुलनेने कमी ढकलतो. .३०८ इंची रायफलीसाठी १६८ ग्रेनांची एक प्रसिद्ध गोळी ३०० मीटरच्या स्पर्धेकरिता घडविली गेली. त्या पल्ल्यावर ती उत्कृष्ट ठरली. परंतु हजार वारांच्या सुमारास, वेग ध्वनीच्या वेगापाशी उतरताच, ती डळमळू लागते. तेथे १७५ ग्रेनांची गोळी अधिक भरवशाची ठरली. या भेदात वजनाइतकाच गोळीच्या शेपटाच्या घडणीचाही वाटा आहे.

मग सदैव जड गोळीच का घेऊ नये? येथे नळीतील पीळ आड येतो. नळीच्या आतील वळणदार खाचा गोळीला फिरकी देतात, आणि त्या फिरकीमुळेच ती भोवऱ्याप्रमाणे तोल राखते. गोळी लांब झाली, की तिला अधिक पीळ लागतो. ग्रीनहिल या गणितज्ञाने १८७९ साली याचे सूत्रच मांडले. बिर्लानगरातील कुटुंबांना पिळाची महती सांगावयास नको. येथील जियाजीराव कापड गिरणी बंद पडून वर्षे लोटली. परंतु आखूड धाग्याच्या कापसाला सूत कातताना अधिक पीळ द्यावा लागतो, हे त्या पिढीला ठाऊक होते. गोळीचा न्याय नेमका उलटा: येथे लांबीला अधिक पीळ हवा. ५.५६ मिलिमीटरच्या ज्या नळ्यांत बारा इंचांत एक फेरा होता, त्यांत ५५ ग्रेनांची गोळी नीट जाई. ६२ ग्रेनांची नवी, अधिक लांब गोळी मात्र त्यांतून तोल सावरू शकत नसे. अर्ध्या ग्रॅमहूनही कमी फरक, पण तेवढ्याने नेम बिघडला!

आपल्या मराठी नेमबाजांकडे पाहावे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळविले. या प्रकारांत .२२ ची, सुमारे ४० ग्रेनांची, म्हणजे पाव तोळ्याहूनही हलकी गोळी वापरतात. वजन बहुतेक सर्वांचे सारखेच. तरीही आपल्या नळीला काडतुसांचा कोणता लॉट मानवतो, हे नेमबाज कागदावर गोळ्या झाडून पारखून घेतात. कारण तेथे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते.

तात्पर्य, ‘जड की हलकी’ हा प्रश्नच अपुरा आहे. पल्ला किती, नळीचा पीळ किती, आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली, शांत हवेत, त्याच रायफलीतून झाडलेल्या गोळ्यांचा पुंजका किती आवळ, हे तीन प्रश्न विचारावेत. काडतुसे महाग आहेत आणि सरावाच्या संधी थोड्या. ऐकीव मतावर खर्ची पडलेली प्रत्येक गोळी मध्यम स्थितीतील मुलामुलींचा सराव तेवढा कमी करते. म्हणून छात्रसेनेच्या सरावाबरोबर पदार्थविज्ञानाच्या तासालाही हा विषय शिकवावा, आणि विद्यार्थ्यांनी आपल्या नेमाची वही ठेवावी. तिच्यातील आकडे कोणाही जाणत्याच्या मतापेक्षा अधिक विश्वासार्ह असतील.