‘क्वाएस्तिओ’ : प्रश्न आणि यातना

लॅटिनमधील ‘क्वाएस्तिओ’ हे नाम ‘शोधणे, विचारणे’ या अर्थाच्या ‘क्वाएरेरे’ या क्रियापदाशी एका धातूने जोडलेले आहे. तो धातू ‘क्वाएस्’. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘स्’चा प्राचीन लॅटिनमध्ये ‘र्’ झाला, म्हणून क्रियापदात ‘र’ आला. नामात मात्र धातूपुढे ‘तिओ’ हा क्रियावाचक प्रत्यय लागल्यामुळे मूळचा ‘स्’ टिकला. शब्द स्त्रीलिंगी असून प्रथमेच्या एकवचनात लोपलेला ‘न्’ षष्ठीच्या ‘क्वाएस्तिओनिस’ या रूपात पुन्हा प्रकट होतो.

रोमन कायद्यात या शब्दाला चौकशीचा आणि पुढे न्यायालयाचाही अर्थ आला. प्रांताधिकाऱ्यांनी लुबाडलेले धन परत मिळवून देण्यासाठी इ. स. पू. 149 मध्ये स्थापन झालेले स्थायी न्यायपीठ ‘क्वाएस्तिओ’च म्हणवले जाई. परंतु गुलामाची साक्ष रोमन न्यायव्यवस्था सामान्यतः छळ करूनच घेत असे, आणि त्या छळाचे नावही हेच. येथे व्याकरण फार बोलके आहे. नामापूर्वी येणारे ‘दे’ हे अव्यय व त्यापुढील पंचमी यांनी चौकशीचा विषय दाखवला जातो. नेमक्या त्याच रचनेने, रोमन वक्ता सिसरो याच्या भाषणांतही, यातना भोगणारा गुलाम दाखवला जातो, तर ज्या मालकाविरुद्ध त्याला बोलते करायचे तो ‘इन्’ आणि द्वितीयेने सांगितला जातो. सोसणारा माणूस वाक्यात चर्चेच्या विषयासारखा उभा राहतो, ही त्या रचनेतील क्रूरता व्याकरणकारांनी अधिक ठळकपणे सांगायला हवी. छळातून निघालेली साक्ष नाजूक, धोक्याची आणि सत्याला चकवणारी असते, हे उल्पियन या विधिज्ञाने तिसऱ्या शतकातच बजावले होते आणि 533 मध्ये सिद्ध झालेल्या सम्राट जस्टिनियनच्या ‘डायजेस्ट’ या विधिसंग्रहात त्याचे मत जपलेही गेले. तरी प्रथा थांबली नाही.

याच धातूला ‘इन्’ उपसर्ग लागून ‘इन्क्विसितिओ’, म्हणजे कसून केलेला तपास, हा शब्द झाला. गोव्यात 1560 मध्ये सुरू झालेल्या धर्मन्यायपीठाचे ‘इन्क्विझिशन’ हे नाव त्यातूनच आले. पाखंड्यांच्या चौकशीत छळाला पोप चौथा इनोसंट याने 1252 मध्ये मान्यता दिली, आणि त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी पॅरिसमध्ये धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस सत्यावरील वादप्रश्नांचा जो ग्रंथ रचू लागला, त्याच्या शीर्षकात ‘क्वाएस्तिओ’चेच अनेकवचन होते: तेथे या शब्दाचा अर्थ विरोधी आक्षेप आधी पूर्ण मांडायचे, मग निर्णय द्यायचा आणि शेवटी प्रत्येक आक्षेपाला उत्तर द्यायचे, असा होता.